आफ्रिकेबद्दलचं एक पान

मंडळी, दुपारी घडलेलं वाचनालयाच्या फळ्यावर लगेच लिहितोय.

मी मानवाच्या उत्पत्तीवरचं पुस्तक वाचत होतो. तेवढ्यात शिराळ्याच्या तानूबाई पत्र लिहून घ्यायला आल्या. त्यांचा मुलगा शंकर दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर आफ्रिकेत गेला आणि लढाईत तिथंच पडला.

"काय लिवलंय त्यात, मास्तर?"

"माणसाचे पहिले पूर्वज आफ्रिकेत जन्मले असावेत, असं काही शास्त्रज्ञांना वाटतं. तुमचे, माझे, सगळ्यांचेच."

तानूबाईंनी पुस्तकावर हात ठेवला.

"शंकर परक्या मातीत गेला म्हणून चार वरसं रडतीया मी. म्हंजी त्यो आपल्या मूळ घरीच हाय व्हय?"

लाखो वर्षांपूर्वीची गोष्ट एकदम घरातली झाली. हा अजून अंदाजच आहे, हे पुन्हा सांगायला जीभ रेटेना.

तुम्ही सांगितलं असतं का?