पाथरीवरचा वस्तरा

तलासरीच्या नाक्यावरचा आमचा न्हावी धारेसाठी दुकानातला दगड घ्यायचा नाही. "पातं खातो तो," म्हणायचा. नदीतली काळी पाथरी नखाने खरवडून, कान लावून निवडायचा आणि तिच्यावर बापाचा वस्तरा सावकाश ओढायचा. गावातले सगळे ब्लेडवाल्याकडे गेले. मी नाही गेलो.

दिवाळीआधी त्याने माझ्या गालाला फेस लावला, वस्तरा गळ्याशी आणला आणि थांबला. हात थरथरत होता.

"दादा, उठा. धार चांगली आहे, हात गेला."

"कापलं तर माझं कापेल, तुझं काय जातं? चालव!"

त्याने फेस पुसला, वस्तऱ्याला तेल लावलं आणि तो माझ्याच हातात दिला. "तुमच्याकडे राहू दे."

मला तो चालवता येत नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या हाती मी मान देणार नाही. दाढी वाढते आहे.