शांतता समितीवरचे भांडखोर भाऊजी

जवळ सरका बरं, आणि अर्ध्यातून उठून जायची तुमची खोड आज जरा आवरा. माझ्या थोरल्या दिरांइतका भांडखोर माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात झाला नाही, आणि सरकारनं शांतता समितीवर नेमकं त्यांनाच घेतलं. बाहत्तरच्या दुष्काळाआधीची गोष्ट. गणपतीत कुठे पेटू नये म्हणून वरून हुकूम आला, तालुक्याला समिती नेमा. शेवगावच्या मामलेदारांनी भाऊजींना बोलावलं. म्हणाले, "हा माणूस दोन्हीकडच्यांशी सारखाच भांडतो."

बिल्ला मिळाला आणि भाऊजी अंगात आल्यासारखे हिंडायला लागले. आंघोळीहून आले की धोतराआधी बिल्ला शोधायचे. नळावर दोन बायकांची बाचाबाची झाली की हे मधे, आणि ती मिटायच्या आत स्वतःच दोघींशी भांडून मोकळे. पण एक नियम त्यांनी स्वतः काढला होता. अफवा आणणाऱ्याला विचारायचं, तू पाह्यलं का? पाहिलं नसेल तर त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवून जागेवर न्यायचं. विहिरीत विष टाकल्याची बातमी आणणाऱ्या शिंप्याला त्यांनी असंच तीन कोस नेलं, विहिरीचं पाणी स्वतः प्यायले आणि त्यालाही पाजलं.

विसर्जनाच्या दुपारी मी हमीदाला न्हाऊ घालून नुकतीच घरी आले होते. दहा दिवसांची बाळंतीण, नवरा पेरू घेऊन श्रीरामपूरला गेलेला, बागवान गल्लीत पहिलंच घर तिचं. तेवढ्यात ओरडा झाला, बागवानांनी वेशीजवळ गणपती फोडला. बघता बघता पन्नास माणसं काठ्या घेऊन तिच्या दाराशी. सगळ्यांत पुढे तालमीतला पैलवान, त्याच्यासमोर भाऊजी सायकल आडवी घालून उभे राहिले.

"पैलवान, तू पाह्यलं का?"

"समदं गाव सांगतंय."

"गावाला कॅरिअरवर कसं बसवू? तू बस."

"भाऊ, बाजूला व्हा."

"भितोस व्हय बघायला?"

एवढं म्हटल्यावर पैलवान बसलाच. भाऊजी उभ्यानं पायडल मारतायत, मागं सगळ्या काठ्या पळतायत, आणि काठ्यांमागं लुगडं खोचून मी.

वेशीजवळ बैलगाडीचा आस मोडला होता. कललेली गाडी गणपतीसकट खांद्यावर तोलून सहा-सात बागवान घामाघूम उभे होते. त्यातला म्हातारा म्हणाला, "किती वेळ लावता रं? खांदं गेलं आमचं." मग त्या सगळ्या काठ्या गाडीखाली टेकू म्हणून लागल्या.

"गणपतीची करंगळी तुटलीया पन," पैलवान हळूच म्हणाला.

"तुटलीय. आसानं तोडली. गावात जाऊन तूच सांग."

आणि उशिरा पोचलेल्या सरकारी जीपवाल्याशी भाऊजी तासभर भांडले.

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. हमीदा आहे, पण गुडघ्यांनी अडकली, माझंही तेच. गल्लीच्या दोन टोकांना दोघी बसून असतो. त्या दुपारी बाळाला घेऊन दाराआड ती काय काय ऐकत होती, ते तिनं मला कधी सांगितलं नाही, आणि मलाही विचारवलं नाही. उद्या जरा लवकर या, मला हात धरून तिच्याकडे न्या. तुम्ही विचारलंत तर सांगेल कदाचित.