शेवटचे चार कोरे प्रश्न

प्राचीचा मॉक संपला तेव्हा शेवटचे चार प्रश्न पुन्हा कोरेच होते.

"घड्याळ पाहिलं नाहीस?" मी विचारलं.

"पाहिलं ना मॅडम."

"मग?"

"वाचून राहिली होती."

हे उत्तर मी तिच्याकडून आधीही ऐकलं होतं. मॉक म्हणजे खऱ्या परीक्षेसारखी, घड्याळ लावून घेतलेली सराव परीक्षा. तिचे सगळे मॉक असेच संपत होते.

मी भंडाऱ्यात इंग्रजीचा क्लास चालवते. बहुतेक मुलं बँकेच्या नाहीतर सरकारी भरतीच्या परीक्षांची असतात. जीआरईचं एखादंच येतं. जीआरई म्हणजे परदेशात एमएस करायला जाण्यासाठी द्यायची परीक्षा. त्यात गणिताचा एक भाग असतो आणि इंग्रजीचा एक. इंग्रजीच्या भागाला व्हर्बल म्हणतात. गुणांची पट्टी एकशे तीसपासून एकशे सत्तरपर्यंत जाते, म्हणजे एकशे तीस हा खरा शून्य.

प्राची जवळच्या अड्याळची. इलेक्ट्रिकल इंजिनीअर. पहिल्या प्रयत्नात तिला गणितात एकशे सहासष्ट मिळाले आणि व्हर्बलमध्ये एकशे त्रेचाळीस. तिला वीजवाहिन्यांच्या सुरक्षेवर शिकायचं होतं. तिकडच्या एका विद्यापीठाने तिचा अर्ज चांगला आहे असं कळवलं होतं. मात्र शिकवण्याच्या कामाच्या बदल्यात फी माफ हवी असेल तर व्हर्बल किमान एकशे पन्नास लागणार होतं. फी माफ झाली नाही तर जाणं नाही, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. परीक्षा पुन्हा देता येते. अर्जाच्या मुदतीआधी तिला एकच प्रयत्न मिळणार होता.

माझी पद्धत ठरलेली आहे. आधी मी चुकांचा तक्ता करते. प्रश्नाचा प्रकार, चुकण्याचं कारण, लागलेला वेळ. शब्द माहीत नव्हता, वाक्याची कलाटणी लक्षात आली नाही, उताऱ्यात नसलेलं गृहीत धरलं, असे रकाने असतात. चार-पाच मॉकनंतर एखादा रकाना फुगतो आणि कुठे काम करायचं ते कळतं. प्राचीच्या तक्त्यात एकही रकाना फुगला नाही. तिने सोडवलेले प्रश्न बहुतेक बरोबर असायचे. अडचण कोऱ्या राहिलेल्या प्रश्नांची होती.

ही अडचण दिसते त्यापेक्षा मोठी असते. व्हर्बलचे दोन टप्पे असतात. पहिला बरा गेला तर दुसरा अवघड येतो आणि गुण वर चढतात. पहिला वाईट गेला तर दुसरा सोपा येतो, आणि तो पूर्ण बरोबर सोडवला तरी एका मर्यादेच्या वर जाता येत नाही. पहिल्या टप्प्यात चार प्रश्न कोरे ठेवून प्राची स्वतःवरचं छप्पर स्वतःच खाली ओढत होती.

त्यातही, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. शेवटच्या अर्ध्या मिनिटात उरलेल्या प्रश्नांवर डोळे मिटून खूण केली तरी चालतं. हे मी पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगते. बँकेच्या परीक्षेतली मुलं यावर खूश होतात. प्राची झाली नाही.

"न वाचता खूण कशी करायची मॅडम?"

"माउसने."

ती हसली नाही.

पुढच्या मॉकला मी तिच्या मागे खुर्ची टाकून बसले. वेळ कुठे जातो ते तक्ता सांगत नसेल तर डोळ्यांनी पाहावं लागतं. तिचे ओठ हलत होते. प्रत्येक प्रश्न ती दोनदा वाचत होती. एकदा मनात, एकदा ओठांत. उत्तर दुसऱ्याच पर्यायात सापडलं तरी शेवटच्या पर्यायापर्यंत जायची, पुन्हा वर यायची आणि मगच खूण करायची. एका उताऱ्यावर ती अडकली. असल्या ठिकाणी 'मार्क' नावाचं बटण दाबून पुढे जायचं असतं, शेवटी परत येता येतं. तिने बटणाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिथेच बसून राहिली. घड्याळ चालत राहिलं.

"सोड तो," मी मागून म्हटलं.

तिचा हात थांबला.

"प्राची, सोड आणि पुढे जा."

तिने माउस ठेवला, ओढणी तोंडाला लावली आणि उठून बाहेर गेली. मागच्या नळावर तिला उलटी झाली. परत आली तेव्हा चेहरा धुतलेला होता. "उद्या देते मॅडम," म्हणाली आणि अड्याळची बस पकडायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिचे वडील आले.

देवरावजी लाइनमन आहेत. नोकरीची शेवटची वर्षं उरली आहेत. खाकी शर्ट, हातात हेल्मेट, चपला दाराबाहेर काढलेल्या. मी बसा म्हटलं तरी उभेच राहिले.

"मॅडम, तुम्ही माह्या पोरीले सोडायले शिकवून राहिल्या म्हणते."

"प्रश्न सोडायला. अडलेला प्रश्न. वेळ वाचतो."

"तेच म्हन्तो मी. नोका शिकवू."

"देवरावजी, नाही शिकवलं तर तिचे गुण वाढणार नाहीत. मग ती जाणार नाही."

ते भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहत राहिले. नंतर बसले. हेल्मेट मांडीवर ठेवलं.

"तिनं तुमाले निखिलचं सांगतलं?"

निखिल कोण, हे मला माहीत नव्हतं.

"माहा पोरगा. तिच्यापेक्षा मोठा. ठेक्यावर होता, हेल्पर म्हनून. माह्याच संगं."

मग त्यांनी सांगितलं. लाइनवर काम करण्याआधी सबस्टेशनला फोन करून परमिट घ्यावं लागतं. कोणती लाइन बंद केली आहे, हे तिथला ऑपरेटर सांगतो. लाइनमन ते सगळं त्याला परत म्हणून दाखवतो आणि मग माणूस पोलवर चढतो. त्या दिवशी एकाच पोलवरून दोन लाइनी गेलेल्या होत्या.

"पोरगा चढाले तयार. परमिट मीच घेतलं फोनवर. ऑपरेटर म्हने, हे लाइन बंद केली. मी म्हनलं, बस, समजलं. अन् फोन ठेवला." ते थांबले. "ऑपरेटर सांगूनच राहिला होता, मॅडम. त्याच पोलवरची दुसरी चालू हाय, हे सांगाचं होतं त्याले. मी पुरं आइकलं नाही. परत म्हनून दाखोलं नाही. अर्धा मिन्ट वाचोला मी."

त्यांनी मांडीवरचं हेल्मेट एकदा फिरवलं.

"तवापासून घरात कोनी काई अर्धं वाचत नाही. गोळ्याइचं पाकीट असो, का लगनाची पत्रिका. दोनदा वाचाचं. एकदा मनात, एकदा तोंडानं. मीच लावली सवय. आता तुम्ही म्हन्ता, न वाचता पुढं जाय."

माझ्या तक्त्यात या कारणासाठी रकाना नव्हता. मला एवढंच कळलं की घाई कर, धीट हो, असं मी आणखी सांगून काही होणार नव्हतं. मुलगी परीक्षेला घाबरत नव्हती. ती वाचण्यातल्या घाईला घाबरत होती, आणि त्याला कारण होतं.

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. मार्कचं बटण दाखवलं. ते दाबून पुढे गेलं की काय होतं ते दाखवलं. शेवटी एक पान उघडतं. त्यावर कोणते प्रश्न मार्क केलेत आणि कोणते कोरे आहेत, सगळं येतं.

"म्हणजे ती विसरत नाही. सोडत पण नाही. परत येते," मी म्हटलं.

"परत येनं सगळ्याइच्या नशिबात नसते."

"इथे असतं. वेळ संपेपर्यंत."

त्यांनी स्वतः माउस हातात घेतला. बटण दाबलं, पुढे गेले, शेवटचं पान उघडलं, पुन्हा प्रश्नावर आले. असं दोनदा केलं.

"आमी स्विचवर बोर्ड लावतो," ते म्हणाले. "मानूस लाइनवर हाय, हात लावू नका, असा. काम बाकी हाय हे समद्याइले दिसाले पायजे. हे तसंच झालं."

"तसंच."

"मंग सांगतो तिले. बोर्ड लावून पुढं जाय म्हनतो." ते उठले. दारात थांबले. "पन न वाचता खूण नोका करू द्या मॅडम. तेवढं नोका."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्यांना बसची घाई नव्हती, पण ते लगेच गेले.

प्राची परत आली. आम्ही दोघी त्या विषयावर बोललो नाही. मी नवा आराखडा काढला. दोनदा वाचणं बंद करायचं नाही, कारण ते बंद होणार नव्हतं. मात्र दुसरं वाचन फक्त प्रश्नाचं करायचं, पर्यायांचं नाही. उत्तर पटलं की खूण. अडलं की मार्क. मोठा उतारा आधी दिसला तर त्यालाही मार्क, लहान प्रश्न आधी. रोज एक टप्पा, आणि मी मागे बसणार नाही.

पहिले काही दिवस तिचा हात बटणावर जाऊन थांबायचा. मग दाबायला लागली. एकदा हळूच पुटपुटली, "बोर्ड." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

कोरे प्रश्न चारावरून दोनावर आले, मग एकावर. तो एक मात्र हलेना. शेवटचं पान उघडायचं, मार्क केलेला एक प्रश्न उरलेला असायचा, घड्याळात काही सेकंद असायचे आणि प्राची हात मांडीवर ठेवून बसायची.

"त्यावर काहीही टिक कर. फुकटची संधी आहे," मी म्हणाले.

"बाबांना सांगितलं आहे मी, नाही करणार म्हणून."

"तुझं एकशे एकोणपन्नास येईल. मग बाबांना काय सांगशील?"

हे मी बोलायला नको होतं की हवं होतं, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. तिने वह्या भरल्या. "पाह्यते मॅडम," एवढंच म्हणाली.

परीक्षा नागपूरला होती. धान कापणीचे दिवस होते, रस्त्यावर ट्रॅक्टरची गर्दी. बापलेक सकाळीच गेले. या परीक्षेत व्हर्बल आणि गणिताचे गुण शेवटी तिथेच पडद्यावर दिसतात. मी फोन जवळ ठेवला होता. फोन आला नाही. संध्याकाळी बँकेच्या बॅचला शिकवत होते तेव्हा दोघं दारात उभे दिसले. मी मुलांना एक उतारा देऊन बाहेर आले.

"एकशे पन्नास," प्राची म्हणाली.

मी तिचा हात धरला. देवरावजी बाकावर बसले होते, हेल्मेटशिवाय. त्यांचं तोंड पाहून कोणालाही वाटलं असतं की पोरगी नापास झाली. एकशे पन्नास म्हणजे ती जाणार, हे त्यांना कळलं होतं.

"एक राह्यला होता," ती माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे पाहून म्हणाली. बसमध्ये तिने हे सांगितलं नव्हतं. "पहिल्याच टप्प्यात. उतारा वाचलाच नव्हता मी. शेवटी खूण केली."

"न वाचता?" त्यांनी विचारलं.

"न वाचता."

आत मुलांची कुजबुज चालू होती. रस्त्यावरून धानाचा एक ट्रॅक्टर गेला.

"अन् काही झालं नाही?"

"काही नाही झालं, बाबा."

त्यांनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा. मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं. प्राची त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मी आत गेले आणि दार ओढून घेतलं. उताऱ्याची वेळ संपली होती तरी मुलांना सांगितलं, आणखी वाचा.

निघताना ते मला म्हणाले, "परीक्षेपुरतं ठीक हाय मॅडम." आणि तिला म्हणाले, "परीक्षेपुरतंच हं."

"हो बाबा."

प्राची गेली. फी माफ झाली. आता ती तिकडे कॉलेजातल्या मुलांचे पेपर तपासते आणि लाइन चालू की बंद हे लांबून ओळखणाऱ्या यंत्रणेवर काम करते. न वाचता केलेली ती खूण बरोबर होती की चूक, हे कळायला मार्ग नाही. परीक्षा फक्त एकूण गुण सांगते. त्या एका खुणेने एकशे पन्नासावा गुण दिला असेल किंवा नसेल.

माझ्या कामात एवढाच बदल झाला. वेळ पुरत नाही असं सांगणारा विद्यार्थी आला की तक्ता करण्याआधी मी विचारते, तुमच्या घरी वाचतात कसं. बहुतेक जण गोंधळतात. काही जण मात्र बराच वेळ बोलतात. आणि वर्गात मी आता 'सोडा' म्हणत नाही, 'मार्क करा' म्हणते. मुलांना त्यातला फरक कळत नाही. न कळलेलाच बरा.