फोटोत न दिसणारा दगड

भिंतीवर रिकामी फ्रेम आणि तिच्यासमोर ताठ उभी असलेली साठीपुढची कृष्णवर्णीय बाई. ती सकाळ मी विसरलेले नाही. त्याआधी जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी तिच्या विद्यापीठात फक्त गोऱ्यांना प्रवेश होता. कोर्टाच्या हुकमाने ती गेली, तेव्हा फाटकाशी गोऱ्यांचा जमाव शिव्या देत होता. त्या जमावासमोर ती आणि तिला पोचवायला आलेले वडील, असा एक फोटो होता; वडिलांचा तिच्याजवळ तेवढाच. तो तिने प्रदर्शनाला दिला आणि उद्घाटनाच्या दिवशीच नाहीसा झाला.

मी चौथी शिकलेली, पोलीस हवालदार म्हणून निवृत्त झालेली. २००५ साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोला मुलाकडे होते. व्हिसामुळे सुनेला नोकरी करता येत नव्हती, म्हणून ती एका वाचनालयात बिनपगारी राबायची. प्रदर्शन तिथेच होतं, त्या दिवशी तिच्याबरोबर मीही गेले होते.

"कुठेतरी ठेवला गेला असेल," म्हणत होते सगळे. डोंबल! काच शाबूत, मागचे स्क्रू काढून ओळीने ठेवलेले. बाहेरचा चोर एवढी टापटीप करत नाही. आदल्या दिवशी फ्रेमा लावणारे तीन स्वयंसेवक होते. एकेकाला बसवलं. दुभाषी सून.

"विचार, फोटो कुठाय?"

ती काहीतरी गोड बोलली. त्यात मला 'कॉफी' ऐकू आलं.

"अगं, मी काय विचारलं?"

"आई, इथे असं डायरेक्ट नाही विचारत. रूड वाटतं."

"चोराला वाटू दे की!"

पहिल्या दोघांना काही ठाऊक नव्हतं. तिसरा गोरा म्हातारा, सगळ्यांत कामसू. तो आपणहून म्हणाला, "धीराची बाई आहे. डोक्याला दगड लागला तरी थांबली नव्हती."

फोटोत दगड नव्हता. मी सुनेला लावलं बाईला विचारायला, दगडाचं कोणाला सांगितलं होतंत?

"कोणालाच नाही. वडील मागे फिरल्यावर लागला. त्यांना कळलं असतं तर मला घरी घेऊन गेले असते."

म्हाताऱ्याने मान खाली घातली. सून त्याची समजूत काढायला निघाली, मी तिचा हात दाबला. अशा वेळी गप्प बसायचं असतं. शेवटी तो उठला आणि गाडीतून फोटो घेऊन आला. जमावाच्या मागच्या रांगेत तोंड वासून ओरडणारा पोरगा तोच होता.

"आज उद्घाटनाला माझी नातवंडं येणार आहेत," तो म्हणाला.

"येऊ देत," बाई म्हणाली. "स्क्रू तुम्हीच लावा."

त्याने लावले.

बंदोबस्तात जमाव पुष्कळ पाहिले. जमाव पांगला की आमचं काम संपायचं. पण त्यातला एकेक माणूस घरी जातो, म्हातारा होतो, लोकांच्या उपयोगी पडतो, हे मला तिथे कळलं. त्याचा चांगुलपणा खोटा नव्हता. माझा संताप झाला तो त्यामुळेच.

फोटोत ओळखू येतील असे नऊ चेहरे होते. म्हाताऱ्याने सांगितलं, त्यांतले हयात दोघंच होते, ती आणि तो.