राक्षसाचं बोलणं

बोलताना मी अडखळतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण कागदावर ते दिसत नाही आणि वाचणाऱ्याला वाटतं, काय सफाईने बोलतोय हा गडी. द, त, प, ब ही माझी जुनी वैरी मंडळी. त्यांच्यातलं कुणी वाक्याच्या तोंडाशी येऊन बसलं की माझा घसा बंद होतो, मान ताठ होते, आणि समोरचा माणूस एकतर छताकडे बघायला लागतो किंवा माझ्या मदतीला धावतो. छताकडे बघणारे परवडले. मदतीला धावणाऱ्यांचा मला लहानपणापासून संताप येतो.

अशा मदत करणाऱ्यांत पहिला नंबर आमच्या घरमालकांच्या मुलीचा. नव्वदच्या दशकात आम्ही बंगळुरूला इंदिरानगरात राहायचो. बाबा सरकारी कारखान्यात इंजिनिअर, साताऱ्याहून बदली होऊन आलेले. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने आणि खाली घरमालक. तेही मराठीच, पण कितीतरी पिढ्या तिथल्याच झालेले. त्यांचं कापडाचं दुकान होतं. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला अक्का, म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. त्यांच्या मराठीत कानडी इतकं मिसळलेलं की माझी आई पहिले काही महिने नुसती हसून मान हलवायची. त्यांची मुलगी माझ्याहून एका वर्षाने मोठी. शाळा एकच, जाण्यायेण्याचा रस्ताही एकच.

ती वाईट नव्हती, आणि हीच पंचाईत होती. शाळेत मला चिडवणारी मुलं होती, त्यांच्यावर डोकं फिरलं की मी सरळ त्यांच्या डोक्यात बॅग घालायचो. पण ही चिडवायची नाही. ही माझं वाक्य पुरं करायची. मी ‘प...’ म्हणून अडकलो की ती लगेच ‘पाणी’ म्हणायची, मी ‘त...’ म्हणालो की ‘तिकीट’. तिचं बोलणं म्हणजे उतारावरची सायकल, ब्रेक नसलेली. तिला खरंच वाटायचं की ती माझं ओझं उचलते आहे.

कोपऱ्यावर एक बेकरी होती. तिथे काचेआड दिलपसंद ठेवलेला असायचा, आत खोबरं आणि लालहिरव्या टुटीफ्रुटीचं सारण भरलेला गोल पाव, त्रिकोणी तुकडे केलेला. मला तो जीव टाकून आवडायचा. पण त्याच्या सुरुवातीलाच द बसलेला. त्यामुळे मी खारा बन मागायचो. एकदा धीर करून कानडीत ‘ओंदु दि...’, म्हणजे ‘एक दि...’, म्हणालो आणि अडकलो. मागून हिने मोठ्याने सांगितलं, ‘‘ओंदु दिलपसंद कोडी!’’ बेकरीवाल्याने तो कागदात बांधलासुद्धा. मी इतका भडकलो की तो पुडा काउंटरवर परत ढकलला आणि खारा बन घेऊन तरातरा निघून आलो. वाटेत त्यातली मिरची मला चांगलीच झोंबली.

त्याच वर्षी बाबांना कंपनीने ट्रेनिंगसाठी जपानला पाठवलं. परत येताना त्यांनी माझ्यासाठी कार्टूनच्या व्हिडिओ कॅसेटी आणल्या. कॅसेटी आमच्या, पण त्या चालवायला यंत्र कुठे होतं? ते अण्णांकडे होतं, त्यांच्या भावाने गल्फमधून पाठवलेलं, कुठल्याही देशाची कॅसेट चालवणारं. अण्णांचा त्याच्यावर दुकानापेक्षा जास्त जीव होता. त्यावर भरतकाम केलेला रुमाल असायचा, आणि एक कडक नियम होता: पॉजचं बटण दाबायचं नाही. पॉज केलं की टेप एका जागी घासली जाते आणि यंत्राचं हेड बिघडतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते बटण त्या घरात देव्हाऱ्यातल्या समईसारखं होतं, त्याला मुलांनी हात लावायचा नाही.

पहिल्या रविवारी कॅसेट लावली आणि खोलीभर जपानी किंचाळ्या सुरू झाल्या. अण्णा रविवारी दुकान बंद असल्यामुळे जेवून आतल्या खोलीत झोपायचे. अक्कांनी धावत येऊन आवाज बंद केला. बिनआवाजाची चित्रं आम्ही थोडा वेळ बघितली. डोक्यावरचे केस उभे असलेला एक मुलगा हातात मोठी घंटा घेऊन गावोगाव हिंडत होता. घंटा वाजली की राक्षसांचा धूर होत होता. एवढंच कळलं.

‘‘आवाज नाही तर काय झालं,’’ अक्का म्हणाल्या, ‘‘आपणच बोलूया की. हळू बोला, म्हणजे झालं.’’

अशी आमची नाटक कंपनी सुरू झाली. शनिवारी दुपारी अक्का एकट्याच पुढची कॅसेट बघून ठेवायच्या आणि कुणाचं काय चाललं आहे याचा अंदाज बांधायच्या. रविवारी आम्ही तिघं टीव्हीसमोर बसायचो आणि पडद्यावरच्या माणसांच्या तोंडी मराठी घालायचो. नियम एकच: पडद्यावर तोंड हलतंय तोवर बोलायचं, मिटलं की गप्प. घंटावाला मुलगा अर्थातच मुलीकडे गेला. तीच यंत्राजवळ बसायची, कॅसेट घालणं-काढणं तिच्याकडे होतं. म्हाताऱ्या, राजे, गावकरी, कुत्री सगळी अक्कांकडे.

‘‘आणि तू तो मुखवट्याचा राक्षस हो,’’ अक्का मला म्हणाल्या.

मला रडायलाच आलं. पडद्यावर एक धिप्पाड राक्षस होता, एक शिंग मोडलेलं, चेहऱ्यावर पांढरा लाकडी मुखवटा. तो घंटावाल्याच्या मागे हात धुऊन लागलेला. म्हटलं, बरोबर आहे, ज्याला धड बोलता येत नाही त्याला राक्षस करणार! मी दोन वेळा गुरगुरलो आणि उरलेला वेळ फुरंगटून बसलो.

पण पुढच्या रविवारी माझ्या लक्षात आलं. राक्षसाला मुखवटा होता. त्याचं तोंड दिसतच नव्हतं. म्हणजे तो कधी बोलायला लागला आणि कधी थांबला हे कुणालाही सांगता येत नव्हतं. घंटावाल्याचे ओठ हलायला लागले की मुलीला धावावंच लागायचं. माझा राक्षस नुसता उभा असायचा, वाऱ्यावर केस उडवत, आणि मी माझ्या सवडीने शब्द काढायचो. मधे अडकलो तरी ते राक्षसाचं थांबणं वाटायचं, भीतिदायकच वाटायचं. अक्कांनी हे शनिवारी बघून ठेवलं होतं. त्या याबद्दल कधी एक अक्षर बोलल्या नाहीत.

मी बोलायला लागलो. आधी धमक्या दिल्या, मग टोमणे मारले, मग लांबलचक भाषणं. द आणि त मुद्दाम घ्यायला लागलो, कारण मुखवट्याआड मला कुणी घाई करणार नव्हतं. आठवडाभर शाळेत तोंड न उघडणारा मी रविवारची वाट बघायचो. मुलीला मात्र माझी भाषणं सोसायची नाहीत. मी रेंगाळलो की ती पुढचं म्हणायला तोंड उघडायची आणि अक्का तिच्या गुडघ्यावर हात ठेवायच्या. ‘‘स्वल्प दम धर की गं. त्याचं बोलून होऊ दे.’’

त्या कार्टूनची एक गोष्ट मला फार नवलाची वाटायची. आमच्या गोष्टींच्या पुस्तकांतले राक्षस शेवटच्या पानावर मरायचे आणि पुस्तक मिटायचं. हा हरायचा, पण पुढच्या कॅसेटमध्ये परत यायचा, आणि प्रत्येक वेळी थोडा वेगळा असायचा. एकदा त्याने घंटावाल्याला नदीतून ओढून काढलं आणि लगेच पाठ फिरवून निघून गेला. एकदा तो एका झोपडीबाहेर रात्रभर पहारा देत बसला. आणि घंटावाला, ज्याला मी नुसता घाईचा आणि आगाऊ समजायचो, तो घंटा वाजवण्याआधी एकेक क्षण थांबायला लागला. कथा काय होती देव जाणे. आम्हाला दिसलं ते एवढंच.

शेवटच्या कॅसेटचा रविवार आला. सुरू करण्याआधी अक्का मला म्हणाल्या, ‘‘आज राक्षस मी करते, सरी?’’ सरी म्हणजे त्यांचं कानडी ‘ठीक’. ‘‘ तू गाववाले कर.’’

मी उसळलो. म्हटलं, राक्षस माझा आहे. इतके रविवार मी त्याला वाढवलं, आणि शेवटच्या दिवशी काढून घेता? अक्का काहीतरी सांगणार होत्या, पण माझा चेहरा बघून त्या थांबल्या. ‘‘सरी, तूच कर,’’ एवढंच म्हणाल्या.

डोंगरावर शेवटची मारामारी झाली. तलवारी झाल्या, विजा पडल्या, सगळं यथासांग झालं. मग घंटावाल्याचा घाव राक्षसाच्या तोंडावर बसला आणि मुखवट्याचे दोन तुकडे झाले. आम्ही आत सुळे असतील असं धरून चाललो होतो. आत एका थकलेल्या पोराचा चेहरा होता, आमच्यापेक्षा जरासाच मोठा. घंटावाल्याने घंटा उचलली. आणि राक्षसाचे ओठ हलायला लागले.

आता मला कळलं, अक्का राक्षस का मागत होत्या. तोंड हलत होतं, मोठं, पडदाभर, आणि सगळ्यांना दिसत होतं. मी ‘द’वर अडकलो. घसा बंद, मान ताठ, डोळ्यांत पाणी. तोंड हलतच होतं. अजून दोन क्षणांत ते मिटणार आणि माझा राक्षस मुकाच राहणार होता. डोळ्यांच्या कडेने मला दिसलं की मुलगी पुढे झुकली. आता ही बोलणार, माझ्या राक्षसाचं शेवटचं वाक्यसुद्धा ही पळवणार, या विचाराने माझा संताप संताप झाला.

तिने हात लांब केला आणि पॉजचं बटण दाबलं.

चित्र जागच्या जागी थिजलं. राक्षसाचं तोंड अर्धं उघडं, त्यावरून पांढऱ्या रेघा थरथरत होत्या. यंत्र घरघरायला लागलं. ती घरघर ऐकून अण्णा खांद्यावर टॉवेल टाकून आतून आले, दारातून टीव्ही बघितला, मग मुलीचं बोट बघितलं आणि ओरडायला तोंड उघडलं. मग त्यांनी मला बघितलं. त्यांनी तोंड मिटलं आणि चौकटीला टेकून उभे राहिले. छताकडे कुणीच बघत नव्हतं. सगळे त्या उघड्या तोंडाकडे बघत होते, जणू उशीर राक्षसच करत होता.

‘‘द... द... दम धर,’’ माझा राक्षस म्हणाला. ‘‘माझं बोलणं अजून झालेलं नाही.’’

मग बरंच काही बोललो. तो मुखवटा का घालतो, एकटाच का हिंडतो, कुणी त्याला कधी काही विचारलंच कसं नाही. किती वेळ गेला ठाऊक नाही. माझं झालं तसं तिने बटण पुन्हा दाबलं. राक्षसाचं तोंड दोनदा हललं आणि मिटलं. घंटावाल्याने घंटेचा लोलक मुठीत घट्ट धरला, म्हणजे ती चुकूनही वाजू नये. त्याचे ओठ जरासेच हलले. मुलगी हळूच म्हणाली, ‘‘बरं.’’ एरवी ती तेवढ्यात चार वाक्यं बसवायची.

माझं अडखळणं गेलेलं नाही. आजही मीटिंगमध्ये लोक माझी वाक्यं पुरी करतात, आणि मी त्यांना पुरी करू देत नाही. माझं बोलून होईपर्यंत मी बोलतो. ही हिंमत त्या खोलीतली आहे. मला मुखवटा देणाऱ्या अक्कांची, आपलं लाडकं यंत्र घरघरत असताना गप्प राहिलेल्या अण्णांची आणि त्या मुलीची. या तिघांचं माझ्यावर फार मोठं ऋण आहे, आणि ते कधी फिटावं असं मला वाटतही नाही.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी आणि ती बेकरीत थांबलो. बेकरीवाल्याचा हात सवयीने खाऱ्या बनकडे गेला. मी मान हलवून नाही म्हटलं आणि ‘ओंदु’ म्हणून पुढे अडकलो. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. काचेआड काय आहे आणि मला काय हवंय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती रस्त्यावरच्या बसकडे बघत उभी राहिली. शेवटी माझा दिलपसंद माझ्याच तोंडून आला.

खात खात आम्ही घराकडे निघालो. ‘‘मग इतके दिवस खारा बन का खात होतास रे?’’ तिने विचारलं. मी सांगायला सुरुवात केली. त्यात द होते, त होते, ब तर होतेच. घर आलं तरी माझं अर्धंही झालं नव्हतं. तिने फाटकाची कडी काढली नाही. बॅग खाली ठेवली आणि तिथेच उभी राहिली.