हात दाबून बसणारे सर

"बस इथं. वाच. पेन तुझ्याकडंच ठेव."

एवढं म्हणायचं आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचं! निबंध तपासायची ही कुठली तऱ्हा, तुम्हीच सांगा. काष्टीकडच्या आमच्या शाळेत मी अ तुकडीला मराठी शिकवायचो, हे गृहस्थ ब तुकडीला. माझे निबंध एका दुपारी लाल शाईनं तपासून व्हायचे. यांचं एकेक पोर लिंबाखाली तासभर, आणि उरलेला वर्ग माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटायला मोकळा!

"अहो, हात कशाला दाबता?" मी एकदा वैतागून विचारलं.

"सुटले की खोडायला लागतात हो."

त्या साली दुष्काळ होता. त्यांच्या नववी ब मधल्या कौसल्येला बापानं बजावलं होतं, नापास झालीस तर दुष्काळी कामावर खडी फोडायला चल. मराठीत पोरगी काठावर. म्हणून मी सरांना सांगितलं, गाईडातले निबंध पाठ करून घ्या. ते तर तिनं आधीच केले होते. माझ्या खिडकीसमोरच्या लिंबाखाली घडाघडा वाचू लागली, समुद्रकिनाऱ्यावरची संध्याकाळ.

"समुद्र पाहिलास तू?"

"न्हाई. गाईडात हाय."

"मग कुठली संध्याकाळ पाहिलीस?"

पोरगी वहीचा कोपरा दुमडत बसली. हे हात दाबून बसलेले! घंटा झाली तरी तसेच. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. शेवटी ती पुटपुटली, "आईनं पेरायला ठेवलेली बियाची बाजरी दळली, ती संध्याकाळ. लई रडली."

"मला आई दिसली नाही अजून. कुठं बसली होती?"

"जात्यापाशी. आमी झोपलो आसं वाटलं तिला."

"लिही."

"अहो, परीक्षेत असलं चालतं का? वाटोळं कराल पोरीचं!" मी ओरडलो. ते नुसते हसले. असा संताप यायचा!

वार्षिक परीक्षेत 'एक संध्याकाळ' हाच विषय आला आणि तिचा पेपर माझ्याकडं. जात्यापाशी बसलेली ती आई वाचली आणि मी बराच वेळ पुढची ओळ वाचलीच नाही. कौसल्या पास झाली. चांगली पास झाली.

तोवर अभ्यासक्रम मागं ठेवला म्हणून संस्थेनं सरांची बदली केली होती, पार अकोले तालुक्यातल्या डोंगरात.

जूनमध्ये त्यांचीही तुकडी माझ्या गळ्यात. पहिल्याच तासाला मी फळ्यावर नमुना निबंध लिहायला घेतला. मागून कौसल्या उभी राहिली.

"सर, आमाला एकेकाला लिंबाखाली कवा बोलवनार?"

अस्सा राग आला त्या माणसाचा! आपण निघून गेला आणि अख्खा वर्ग माझ्यापुढं वाट बघत बसवून गेला.

फार आठवण आली हो त्यांची.