बघू तरी दे

काल सकाळी बागेत पन्नाशीचा एक माणूस बाकावर बसून मोबाइलवर स्वतःचा फोटो काढत होता. दर वेळी तो श्वास रोखून पोट आत ओढायचा, फोटो बघायचा आणि पुसून टाकायचा. मला त्याच्याकडे बघवेना.

मीही असाच फोटो पाठवून एकाला भेटलो होतो. पुरुषांनी पुरुषांना शोधायच्या ॲपवर आमची ओळख झाली होती. हॉटेलात त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "फोटोत बारीक दिसता," म्हणाला, आणि अर्धा चहा तसाच ठेवून निघून गेला.

पुढे माधव भेटला. त्याला मी आहे तसाच आवडायचो. तरी दुपारी तो घरी आला की मी पडदे ओढायचो आणि शर्ट अंगातच ठेवायचो.

"मला बघू तरी दे तुला," तो म्हणायचा. मी विषय बदलायचो.

वर्षभराने तो यायचा थांबला. "जवळ असूनही तू मला भेटतच नाहीस," एवढंच म्हणाला.

जगापासून लपायला आमच्यासारखे पुरुष लहानपणीच शिकतात. पण जो प्रेमाने बघायला आला, त्याच्यापासूनही लपायला मी कधी शिकलो, ते आठवत नाही. आता घरात मी एकटाच असतो. तरीही अंघोळ झाली की घाईघाईने कपडे घालतो.